तक्त्यातलं पहिलं नाव

निपाणी,
६ जानेवारी २०२५

चि. उपेंद्रास अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्रच लिहिते, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. शेजारचा मंजुनाथ बंगळुरूला निघालाय. त्याच्याबरोबर ह्यांच्या व्हिडिओ पार्लरमधल्या विमानांच्या गेमचा बोर्ड पाठवते. पेटी वाळवीनं खाल्ली, पडदा गेला. बोर्ड तेवढा ह्यांनी शेवटपर्यंत जपला. वीज गेली तरी त्यातली पहिल्या पाचांची नावं आणि गुण पुसले जात नसत. तू जुने गेम नव्यानं उभे करतोस ना? मग माझ्या नातीला, वेदिकेला, तिच्या आजोबांचा गेम दाखव. नावं मात्र तीच हवीत हं.

भव्याला छळू नकोस, बायको आहे ती तुझी.

तुझी,
प्रेमाअक्का


बनशंकरी, बंगळुरू,
२ मार्च

ती. अक्कास उपेंद्रचा शि. सा. नमस्कार वि. वि.

गेम तयार आहे. मंजुनाथ परतताना आणेल. फोनवर फुकट मिळते तसली नक्कल ही नव्हे. तिथं आवाज मागून येतो, विमान अडखळतं. मूळ बोर्डावरची एकेक चिप काय करते ते समजून घेऊन तीच जोडणी मी नव्या चिपमध्ये रचली. तीही कॉलेजची पायरी न चढता, हे तुझ्या इंजिनिअर दिरांना जरूर सांग. स्फोटाचा आवाज तर तीनदा मोडून पुन्हा बांधला.

नावांचा तक्ता होता तसाच आहे. सगळ्यात वर दाजी.

कळावे, माया आहे तशीच असू दे.

उपेंद्र


निपाणी,
१६ मार्च

चि. उपेंद्रास आशीर्वाद.

गेम पोचला. आवाज ऐकून मी दारातच थबकले. अगदी तोच रे! वेदिकेनं आजोबांचं नाव वाचलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पण हे कधीच पहिले नव्हते. ह्यांचं विमान दुसऱ्या फेरीतच पडायचं. वरचं नाव माझं होतं. दुपारी शटर अर्धं ओढून हे मला खेळायला बसवायचे, आणि संध्याकाळी या नावाला हरवून दाखवा म्हणून पोरांना डिवचायचे. नाव कुणाचं ते मात्र सांगायचे नाहीत.

चारचौघांत तुझी फजिती नको, म्हणून गप्प बसले. तक्ता बदलला कसा, एवढं कळव. रागावलेली नाही.

अक्का


बनशंकरी,
२४ मार्च

ती. अक्का,

नमस्कार लिहायलाही हात धजत नाही.

तक्ता मी पाहिलाच नव्हता. बोर्डावर एक बॅटरी होती, ती गळून आजूबाजूचं तांबं हिरवं पडलं होतं. मला घाण खपत नाही, ठाऊक आहे तुला. भव्या म्हणाली, स्वल्प थांबा, आधी चालू करून पडद्याचा फोटो तरी काढा. सरी, सरी, म्हणजे बरं बरं, म्हणत तिला वाटेला लावलं आणि बॅटरी उपटली. गेम वेगळ्या चिपांत सुखरूप होता; नावं मात्र त्या बॅटरीवरच टिकून होती. ती गेली.

मग नावं मी मनानंच भरली. वर दाजीच असणार, असं धरून चाललो. तुझं नाव तिथं असेल हे डोक्यातही आलं नाही. एका स्फोटाच्या आवाजासाठी खपलो, आणि तुला एका शब्दानं विचारलं नाही. वर तुला खोटं लिहिलं.

तुझं नाव चढवणं आता दोन मिनिटांचं काम आहे. पण ते गुणही माझेच बनावट ठरतील. म्हणून रविवारी मी येतो. सर्वांसमोर तक्ता कोरा करीन आणि वेदिकेला सांगेन, की तिच्या आजीचं नाव मी पुसलं. तू मध्ये पडून मला सांभाळून घेऊ नकोस.

लोभ ठेव असं कागदावर लिहवत नाही. समोर बसून मागेन.

तुझा,
उपेंद्र