पाय वर!

पुणे, १२ जून २०२५

तीर्थरूप मोठे बाबांस,
रितिकाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलवर टाइप करणं म्हणजे भाषेचा खून असं तुमचं मत, म्हणून कागद-पेन शोधलं.

नवी नोकरी लागली. आमची कंपनी नदी-नाल्याकाठच्या लोकांना मोबाईलवर पुराचे इशारे पाठवते. मजकूर इंग्रजीत येतो, मराठी मी करते, आणि पहिल्याच आठवड्यात अडकले. राइज, स्वेल, सर्ज... आमचे साहेब सगळ्यांना एकच मराठी लावतात, जलपातळीत आकस्मिक वृद्धी. हेच शब्द गेल्या वर्षीच्या पुरात आपल्या गल्लीत आले होते. समोरच्या जनाबाईनं शेजारच्या ऋतुजाकडून ते वाचून घेतले, बरं वं म्हणाली आणि भात टाकायला आत गेली. पाणी येतंय एवढंच तिला कळलं असतं तर ती आज असती. ही नोकरी मी त्यासाठीच धरली आहे. तुम्ही जन्मभर इंग्रजी शिकवलंत. या शब्दांतला फरक मला नीट सांगा.

आणखी एक. बाबांच्या हातमागाचा खड्डा बुजवून वर टाइल्स लावू या असं आईचं चाललंय. मलाही पटतं. त्यांचे गुडघे आता खड्ड्यात बसण्याजोगे राहिले नाहीत. तुम्ही थोरले भाऊ, तुम्ही समजावलंत तर ऐकतील.

आपली लाडकी,
रितिका


नागपूर, २० जून २०२५

चि. रितिकास,
अ. उ. आ.

धरमपेठेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर गृहपाठ तपासायला पाठवणारी तू पहिलीच. बरं वाटलं.

राइज म्हणजे नुसतं चढणं, मे महिन्यात पारा चढतो तसं. स्वेल म्हणजे आतून फुगणं. रात्री भिजत घातलेले हरभरे फुगतात, तसं आवाज न करता. स्वेल माणसाला वेळ देतो. सर्ज देत नाही. तो मागून ढकलत येतो, त्याला आपण लोंढा म्हणतो. या दोघांना एकच शब्द लावणारा तुझा साहेब कधी ओढ्यातसुद्धा उतरला नसावा.

आपल्या गल्लीला मात्र शब्दकोश लागत नसे. घरोघरी माग होते आणि विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसे. नाला फुगू लागला की पाणी आधी जमिनीतून त्या खड्ड्यात झिरपायचं. ज्याचे पाय पहिल्यांदा ओले होत, तो ओरडे, पाय वर! शेजारचा ऐकून पुढे ओरडे. हाक गल्लीच्या टोकाला पोचेस्तोवर बायकांनी सूत माळ्यावर टाकलेलं असे आणि लेकरं काखोटीला मारलेली असत. आता सगळ्यांनी खड्डे बुजवले. उरला तो तुझ्या बापाचा. भैयाजी म्हणतो, मले खुर्चीवर बसून करमतच नाही गा दादा. मी त्याच्या बाजूनं आहे, पण तुझ्या आईसमोर हे बोलायची माझी छाती नाही. ते काम तू कर.

लोभ आहे तो असाच चढता ठेव.

तुझे मोठे बाबा,
गोपाळराव


पुणे, ८ जुलै २०२५

तीर्थरूप मोठे बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र साहेबांना वाचून दाखवलं (ओढ्याचं वाक्य गाळून). इशाऱ्यात मी घातलेलं पाय वर त्यांनी खोडलं. दुसऱ्या गावच्या माणसाला त्यातून काय समजणार, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चूक नाही. पण स्वेल आणि सर्ज वेगळे करायला ते तयार झाले. आता पहिला इशारा जाईल, पाणी फुगत आहे, घराबाहेर पडा. दुसरा जाईल, लोंढा येत आहे, कशासाठीही मागे फिरू नका. पहिल्यातलं घराबाहेर पडा हे मी जनाबाईसाठी घातलं.

खड्डा राहू दे म्हणून आईला फोन केला. ती भडकली. आधी माझ्या बाजूनं होतीस, आता काहून पलटली, म्हणाली. पण दिवाळीपर्यंत थांबते म्हणाली आहे. बाबांना सांगा.

तुमच्या आशीर्वादाची हक्कदार,
रितिका


नागपूर, १४ सप्टेंबर २०२५

चि. रितिकास,
अनेक आशीर्वाद.

तेरवी आटोपून निघताना, ऑटोत बसता बसता तू मला विचारलंस की नेमकं काय झालं. मी ऐकू न आल्यासारखं केलं. तुझे ओठ मला वाचता आले होते, पण तुझी आई शेजारी उभी होती.

त्या सकाळी आपल्याकडे पावसाचा थेंबही नव्हता, पडला तो वरच्या गावांत. भैयाजी मागावर बसला होता, मी पेपर वाचत होतो. एकाएकी त्याचं तोंड उघडलेलं दिसलं. मला ऐकू गेलं नाही हे बघून तो जवळ आला आणि माझे दोन्ही पाय धरून त्यानं बाजेवर ठेवले. मला कळलं. मग तो दारात जाऊन ओरडला. पोरांना समजेना, भैयाजी काहून ओरडून राहिले म्हणून. म्हाताऱ्यांना समजलं. त्यांनी हाक पुढे दिली आणि नातवंडांना ओढत चौकात नेलं. आम्ही निघालो तेव्हा तुझा पहिला इशारा आला. गल्लीत मागे एकही माणूस राहिला नाही.

दुसरा इशारा तुझ्या आईनं चौकात वाचला. मान वर करते तर भैयाजी जागेवर नव्हता. मागावर लुगडं होतं, पदर तेवढा विणायचा राहिला होता. विणलेलं कापड मागावर बुडू द्यायचं नाही, ही आपली रीत; आमच्या बापानं आम्हा दोघांना मारून शिकवली होती. फुगत्या पाण्यात कापड कापून आणण्याइतका वेळ मिळतो, हे भैयाजीनं लहानपणापासून पाहिलं होतं. त्याला वाटलं, आजही मिळेल. नाल्याच्या वरच्या अंगाला कुठल्याशा बंधाऱ्याची भिंत फुटली आणि लोंढा आला. तो सापडला तेव्हा लुगडं छातीशी गुंडाळलेलं होतं. हे तुला कुणी सांगितलं नसेल.

तुझ्या शब्दांत खोट शोधत बसू नकोस, पोरी. शब्द बरोबर होते. त्यानं मागाचं जास्त ऐकलं. मला त्याचा फार राग येतो. पाय जमिनीला टेकवले की त्याचे हात आठवतात, आणि मग रडू येतं.

परवा तुझा भाऊ भूपेश कळमेश्वरहून मिस्त्री घेऊन आला, खड्डा बुजवायला. तुझ्या आईनं मिस्त्रीला चहा पाजला आणि परत पाठवलं. माग तर राहिला नाही. ती आता सकाळी भाजी निवडायला खड्ड्याच्या काठावर बसते, पाय आत सोडून.

पत्र पाठवत जा. आता या घरात माझ्याशी बोलणारं तेवढंच आहे.

तुझे मोठे बाबा,
गोपाळराव