मारहाणीत धरायचं का?

वळ, ता. भिवंडी
८ जून २००८

प्रिय तुळजाताई,

पाकिटावरचं माझं नाव वाचून तुम्हाला काही आठवणार नाही, कारण ते तुम्ही कधी विचारलंच नव्हतं. तीन वर्षांपूर्वी, ऑगस्टात, तुम्ही भिवंडीला आमच्या कॉलेजात अकरावीच्या मुलींकडून फॉर्म भरून घ्यायला आला होतात. मुलांना बाहेर पाठवलंत, दार लावलंत आणि म्हणालात, "नाव लिहू नका. कोणी काय लिहिलं ते मलाही कळणार नाही." आमच्या वयाच्या किती मुलींना त्यांचा मित्र त्रास देतो, ते तुमच्या संस्थेला मोजायचं होतं. 'मित्र' म्हणजे कोण हे सगळ्यांना बरोबर कळलं आणि वर्गात खसखस पिकली. मीसुद्धा हसले.

मला मित्र होता. दीपेश, शेजारच्या गावचा, बारावीतला. त्यांच्या जमिनीवर गोडाऊन उभी राहिली होती, त्यामुळे कॉलेजात असतानाच त्याच्याकडे मोटरसायकल आली होती. खरं सांगते, तो मला फार आवडायचा. वज्रेश्वरीच्या रस्त्यावर गाडीवर मागे बसून मी मोठमोठ्याने गाणी म्हणायचे. त्याने मोबाईल घेऊन दिला तेव्हा माझी मैत्रीण करिष्मा हिला मी तो चार दिवस दाखवत होते. पुढे त्या मोबाईलची रिंग तीनदा वाजायच्या आत फोन उचलावा लागायला लागला. नाही उचलला, की दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या मागच्या गल्लीत तो माझं मनगट धरून पिरगाळायचा, अगदी सावकाश, मी 'सॉरी' म्हणेपर्यंत. गल्लीत दोन्ही बाजूंना लूमचा खडखडाट, पण तसंही मी ओरडायचे नाही. मग तोच मला उसाचा रस पाजायचा आणि मला वाटायचं, आपल्यावर इतका जीव कोण लावणार.

तुमच्या फॉर्मवर नववा प्रश्न होता, 'मित्राने तुम्हाला कधी मारहाण केली आहे का?' मी 'कधीच नाही'वर खूण केली. मी खोटं लिहिलं नव्हतं, ताई. मारहाण म्हणजे आमच्याकडे डोकं फुटतं, पोलीस येतात, चार गावांत बोंब होते. माझ्या तर मनगटावर वळसुद्धा दोन दिवसांपेक्षा जास्त टिकायचा नाही. पण पुढच्या प्रश्नाकडे माझा हात जाईना. शेवटी समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'हात पिरगाळतो ते मारहाणीत धरायचं का?' आणि तो फॉर्म गठ्ठ्याच्या मधोमध खुपसला.

आठ दिवसांनी तुम्ही परत आलात तेव्हा मी मागच्या बाकावर सरकले. आता अक्षर ओळखणार, असं वाटलं. तुम्ही मात्र फळ्याजवळ उभ्या राहून कुणाकडेच न बघता म्हणालात, "एका मुलीने मला काही विचारलंय. ती कोण ते मला शोधायचं नाही. उत्तर सगळ्यांसाठी आहे. हो, धरायचं. आमचा प्रश्नच कच्चा होता, तो आम्ही बदललाय." कोणी मोठं माणूस स्वतःची चूक वर्गासमोर सांगतंय, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

नव्या फॉर्ममध्ये मारहाण हा शब्दच नव्हता. हात पिरगाळला का, ढकललं का, केस ओढले का, फोन तपासला का, कुणाशी बोलायचं नाही असं बजावलं का, असं एकेक विचारलेलं. मी सात ठिकाणी 'पुष्कळ वेळा'वर खूण केली आणि त्या खुणांकडे बघत बसले. एकेक गोष्ट मी त्या त्या दिवशी विसरून टाकली होती. सगळ्या एका कागदावर पहिल्यांदाच आल्या होत्या. शेजारी करिष्माने आपला फॉर्म हाताने झाकून घेतला होता.

कुणाला बोलायचं असेल तर पाचपर्यंत लायब्ररीत बसते, असं तुम्ही म्हणाला होतात. मी आले नाही. पण घरी गेल्यावर आईला भांडी घासता घासता सगळं सांगितलं. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाली, "मना आधी का न्हाय सांगितलंस?" एवढंच. मी मोबाईल परत केला तेव्हा दीपेशने तुझ्या बापाला सांगेन अशी धमकी दिली. त्याच्या आधी आईनेच बाबांना सांगून टाकलं. बाबांनी माझं कॉलेज बंद करायचं ठरवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आई त्यांच्यासमोर उभी राहिली. "चुकी त्या पोराची, आन घरात हिना बसायचं?" महिनाभर ती रोज एसटीने माझ्याबरोबर आली आणि कॉलेजच्या पायरीवर वाल सोलत बसली. दीपेश फाटकाशी आला, की त्याला म्हणायची, "काय सांगायचं हाय ते मना सांग, बाला." तो गाडी वळवून जायचा. तीनदा आला, मग यायचा थांबला. बाबा माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत, पण बारावीच्या निकालाचे पेढे त्यांनीच आणले. आता मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला जाईन. हे सगळं तुमच्या त्या एका 'हो'मुळे झालं, आणि तुम्हाला त्याचा पत्ताच नाही, हे मला बरेच दिवस खटकत होतं.

पण पत्र आजच लिहिण्याचं कारण वेगळं आहे. तुमच्या संस्थेला गणेशपुरीकडच्या गावांत फॉर्म भरून घेण्यासाठी मुली हव्या आहेत. मी अर्ज केलाय आणि पुढच्या आठवड्यात सोमवारी, १६ तारखेला, मुलाखत तुम्हीच घेणार, असं कळलं. समोर बसून हे लपवणं मला जमलं नसतं. मला घ्याच, असं म्हणत नाही. मात्र तुमच्या दुसऱ्या फॉर्ममध्येही एक गोष्ट राहून गेली होती, ती तुमच्या कानावर घालायची आहे. 'तू सोडून गेलीस तर मी खाडीत उडी मारीन,' असं दीपेश दर आठवड्याला म्हणायचा. तो मारणार नव्हता, हे आज कळतं. सोळाव्या वर्षी मी त्या भीतीने रात्र रात्र जागायचे आणि त्याला सोडायचे नाही. तुमच्या कागदावर त्याला जागा नव्हती. ताई, तो प्रश्न यंदा घाला. गावातल्या मुलींना तो कोणत्या शब्दांत विचारायचा, ते मला येतं.

तुमचीच,
मृणाली