आईच्या हाताची सावली

प्रिय ताई,

सावळ्या हाताची सावली जास्त गार असते, असं आई तुला म्हणाली होती, आठवतं? आत्याने आपल्या दोघींकडे बघत, एकीला दुधात बुडवलीय आणि एकीला चहात, असा शेरा मारला त्या दिवशी. चहाच जास्त खपतो, असं तू लगेच सुनावलंस. सगळे हसले. मग तू मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिलीस. आई मागोमाग आली, आपला ओला, सावळा हात तिने तुझ्या डोळ्यांवर ठेवला. मी दारात उभी होते. मलाही तो हात हवा होता.

हल्ली दुपारी आमच्या अतिदक्षता विभागात पडदे ओढले की सगळं पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं. यंत्रांचे संथ श्वास, आणि प्रत्येक खाटेवर चिमट्यात धरलेलं एक बोट, आतून लाल उजळलेलं. बघता बघता त्यातलं एक आईचं होऊन जातं. ती इस्पितळात होती तेव्हा तिच्या बोटावरचा चिमटाही प्राणवायू पुरेसा आहे म्हणत होता. तिला धाप लागलीय म्हणून तू सगळ्या डॉक्टरांशी भांडलीस, आणि त्यांनी तुला आकडा दाखवला. आकडा चांगला होता. आई संध्याकाळी गेली.

माझं संशोधन आता त्याच चिमट्यावर चाललंय. त्याचा उजेड कातडीतून पार जाऊन रक्तातला प्राणवायू मोजतो, पण सावळ्या कातडीत कधीकधी खऱ्याहून बरा दाखवतो. बरेचसे चिमटे गोऱ्या बोटांवरच तपासलेले. तू उगाच भांडत नव्हतीस, ताई. हे तुला कुणीतरी लेखी द्यायला हवं होतं, म्हणून मी देतेय.

पण पत्राचं कारण वेगळंच आहे. नव्या चिमट्याच्या चाचणीसाठी धडधाकट माणसं हवीत, तुझ्या आणि आईच्या रंगाची. फारशी येत नाहीत. रंगासाठी बोलावलेलं कुणाला आवडेल? थोडा वेळ डोंगरमाथ्यावरच्यासारख्या विरळ हवेत श्वास घ्यायचा, मनगटातून थोडं रक्त द्यायचं, म्हणजे चिमट्याचा आकडा रक्तातल्या खऱ्या आकड्याशी ताडून बघता येतो. आई गेल्यापासून तू इस्पितळाची पायरी चढली नाहीस. माझ्या लेकीच्या जन्माच्या वेळीही बाहेर झाडाखालीच बसून राहिलीस. फोटोत अजून हात मागे लपवतेस. तेव्हा डोकं फिरलंय का तुझं, असंच उत्तर येणार, ठाऊक आहे. तरी विचारते. नियमाप्रमाणे तपासणी दुसरी डॉक्टर करील. एक हात तू तिला दे. दुसरा मला धरू देशील?

तुझीच,
दुधात बुडवलेली