‘दगडफूल’चा शेवट कोणी केला

देवास, रविवार

तीर्थस्वरूप मालनअक्का,

धाकट्या तरुणचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही ठीक. तुझा गुडघा काय म्हणतो? बापूसाहेबांचं ब्लडप्रेशर उतरलं का, हे विचारायचा मला अधिकार नाही, कारण ते चढवलं मीच. म्हणून फोन न करता लिहितोय. (फोन तू उचलतेस, पण स्पीकरवर तुझ्या यजमानांचा रागावलेला श्वास ऐकू येतो.)

त्या दिवशी धारला घडलं ते माझ्या बाजूनं ऐक. १९८९ साली आमच्या ‘दगडफूल’ बँडनं धारलाच रॉकचा प्रोग्राम केला होता, त्याची कॅसेट तुला आठवत असेलच (तुझ्या मंगलाष्टकांच्या कॅसेटवर मी ती भरली होती, त्याची माफी मागून झालेली आहे). तिच्या कॉप्यांवर कॉप्या निघाल्या, इंदूरपासून सोनकच्छपर्यंत हॉस्टेलांतून ती वाजली, आणि आता लोक तिला क्लासिक म्हणतात. आमची गुंजन साउंड रेकॉर्डिंग शिकून आली आणि म्हणाली, बाबा, तोच प्रोग्राम पुन्हा करा, या वेळी मी नीट रेकॉर्ड करते. मग ड्रमवर माझा दोस्त भाऊ (कमरेला पट्टा बांधून), बेसवर गणपतराव (हिंदीचे रिटायर्ड मास्तर) आणि गिटार घेऊन मी, असे पुन्हा उभे राहिलो.

अडचण एकच. शेवटचं गाणं अर्ध्यावर असतानाच कॅसेट संपली होती. त्यामुळे ते गाणं संपतं कसं, हे आता जगात कोणालाच ठाऊक नाही, आम्हीही विसरलो. रिहर्सलला तिथवर आलो की दर वेळी चहा यायचा. प्रोग्रामात चहा येईना. भाऊ माझ्याकडे बघतोय, मी गणपतरावांकडे, आणि गणपतराव समाधी लागल्यासारखे डोळे मिटून. अकरा मिनिटं झाली तेव्हा भाऊ बडवता बडवता ओरडला, “भिया, रुकायचं केव्हा?” मी म्हटलं, “तू थांब, मग मी थांबतो.” “नई, पैले तू!” चौदाव्या मिनिटाला पहिल्या रांगेतून बापूसाहेब कानांवर हात ठेवून उठले आणि गरजले, “अरे, बंद करा!” आम्ही तिघंही एका ठोक्यावर थांबलो.

अक्का, महिनाभर बसवूनही असा शेवट आम्हाला जमला नसता. सगळा हॉल उभा राहिला. पोरं ‘काकासाब, वन्स मोअर’ ओरडायला लागली. बापूसाहेबांना वाटलं, आपली थट्टा चाललीय, आणि ते तडक निघून गेले. बाबा गेल्यावर हात धरून मला कॉलेजात नेणारा माणूस माझ्याच प्रोग्रामातून मान खाली घालून जावा! घरी येऊन गुंजनचं रेकॉर्डिंग चार वेळा ऐकलं. त्यात कोणीही हसत नाहीये गं, नुसत्या टाळ्या आहेत. गुंजननं तुझ्या फोनवर पाठवलंय, एकदा त्यांना ऐकव. मग माझ्याशी नाही बोलले तरी चालेल.

तुझाच,
तरुण

ता. क. नाही चालणार. पुढच्या महिन्यात इंदूरला हाच प्रोग्राम आहे आणि जो तो विचारतोय, ‘बंद करा’वाले काका येणार ना? त्यांच्याशिवाय आम्हाला थांबताच येत नाही. काहीही करून त्यांना तयार कर.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात बापूसाहेबांचाच फोन आला. तुमच्या गच्चीवरून, कुजबुजत. म्हणाले, चौदा मिनिटं फार होतात, मी बाराव्यालाच उठेन, आणि मला वेगळा माइक लागेल. मालनला यातलं काही कळता कामा नये, असंही बजावलं. तेव्हा हे पत्र तुला मिळालेलं नाही.