तोआनची हजेरी

११ मार्च
आलो एकदाचा ह्वेला, बादशहांच्या जुन्या राजधानीत! तिकडे दक्षिणेत, सा देकच्या शाळेत ज्या गावाच्या कविता घोकून आम्ही घसे बसवले, ते गाव चौऱ्याहत्तराव्या वर्षी डोळ्यांनी पाहिलं. गाडीतून सुगंधी नदी दिसली आणि मी खिडकीत चक्क मोठ्याने म्हणू लागलो,
‘धुक्यात उभी ती नगरी, तिला न वय, तिला न घाई,
जो एकदा येई दारी, तो परतून जात नाही.’
समोरच्या बाईंनी आपलं पोर जवळ ओढून घेतलं. घेऊ दे.

स्टेशनवर तोआन बुरबुरीत भिजत उभा. हातात दोन छत्र्या, दोन्ही मिटलेल्या. म्हणाला, तू भिजत येणार आणि मी कोरडा उभा राहणार, बरं दिसतं का? असा माझा तोआन! त्याचे वडील आमच्या गावी पोस्टात होते, तेव्हा आम्ही पाच वर्षं एका बाकावर बसलो. वाळलाय फार. कानांत कापसाचे बोळे. वाऱ्याचा त्रास होतो म्हणाला.

घराभोवती पपनसाची झाडं फुललीत, वासाने जीव हलका होतो. मुलगा सायगॉनला, घर सांभाळते ती सून दिएप. तिने शिंपल्यांचा भात वाढला. तिखटाने माझ्या डोळ्यांतून धारा. तोआन म्हणतो, रडू नकोस रे नारळाच्या दुधावरच्या बाळा, दिएप तुला साखर देईल. माझे कपडे ओले, म्हणून त्याने स्वतःचा निळा लांब अंगरखा मला चढवला. दिएपने पाठमोरं पाहून मलाच बाबा अशी हाक मारली आणि मग हसून हसून खाली बसली.

तोआनला एकदम जुना खेळ आठवला. तो कालव्यावर मासे धरायला पळायचा, गुरुजी हजेरीत त्याचं नाव पुकारायचे आणि मी त्याचा आवाज काढून ‘हजर’ म्हणायचो. म्हणाला, इथे असेपर्यंत तू तोआन, मी लाम. बघू कोण पकडतं. आपली खोली, आपला पलंगही त्याने मला दिला. या वयात असा खट्याळपणा करायला सोबती मिळतो कुठे?

१२ मार्च
सबंध दिवस बादशहांच्या जुन्या किल्ल्यात. खंदकातली कमळं अजून झोपलेली. दरवाजाजवळच्या चहावालीला मोतीबिंदू. तिने विचारलं, तुमच्यातले तोआनराव कोण हो? तोआनने मागून ढोसलं, मी ठणकावून सांगितलं, हजर! ती म्हणाली, आज आवाज बरा लागलाय, मध्यंतरी अगदी विहिरीतून यायचा. आम्ही पोरांसारखे फिदीफिदी हसलो.

पुलावर मला भरून आलं. तोआनला म्हटलं, तू मला माझं स्वप्न दिलंस. त्याने तोंड फिरवलं.

१४ मार्च
आज गावाच्या दक्षिणेकडच्या टेकडीवर. इथले बादशहा हयातीतच आपली समाधी बांधून घेत आणि तिथे बसून कविता करत. तोआननेही बांधून घेतलीय. फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांचा ड्रॅगन, लहानसं तळं, वर पाइनची सळसळ. इतकी देखणी जागा की मी म्हणालो, इथे मरायलाही मजा येईल! तोआन म्हणाला, आत बसून तर बघ. बसलो. आडवाही झालो. मापात होतो अगदी.

राखणदार म्हातारा नवा होता. तो कुरकुरला, बांधून तीन वर्षं झाली, रिकामी कशी ठेवलीत? अशी जागा मालकाला हाका मारते. मालकाने इथे येऊन ओ दिली, की तिचं समाधान होतं. मग विचारलं, मालक कोण? तोआनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हाताऱ्याने उदबत्त्या लावल्या, भूमीच्या देवाला मालक आल्याचं कळवलं आणि तोआनचं पूर्ण नाव खड्या आवाजात पुकारलं. मी म्हटलं, हजर!

हसत वळलो, तर तोआन रडत होता. किती हळवा माणूस. उतरताना त्याने कानांतले बोळे काढून फेकून दिले.

१६ मार्च
दुपारी जेवताना बागेतून कुणी तोआनला हाक मारली. लांबवलेली, गुरुजींसारखी. तोआन समोर बसलेला. त्याने मान वर केली नाही, भात चावत राहिला. सवयीने मीच ओ दिली. दिएपच्या हातातला वाडगा फुटला. तिला बागेत कुणीच दिसलं नाही. हाकही ऐकू आली नव्हती, फक्त मी कुणाला ओ दिली ते तिला कळेना.

तोआन आता दोन वाडगे जेवतो. मला घास जात नाही. पाय गार.

१७ मार्च
उठलो तर अंथरुणात पाइनच्या सुया. नखांत तांबडी माती.

तोआन माझा सदरा घालून, माझा चष्मा लावून कुंपणाशी शेजाऱ्याशी बोलत होता. आमच्या दक्षिणी हेलात. सांगत होता, तोआनचं काही खरं नाही, मी सा देकचा लाम, उद्या निघतो.

दिएपला गाठलं. तिने बाहीने डोळे पुसले. म्हणाली, काका, हिवाळ्यापासून बाबांना हाका ऐकू यायच्या, म्हणून ते कापूस घालायचे. तुम्ही येणार म्हणून किती खूश होते! मला वाटलं, मैत्रीचा आनंद आहे. निघा काका. तुमच्या माणसाने तुम्हाला तुमच्या नावाने हाक मारली, तर अजून सुटाल.

मी तोआनला तोंडावर विचारलं. तो शांत होता. म्हणाला, बाकावर किती वेळा माझ्यासाठी हजर म्हणालास, लाम! आता शेवटचं एकदा. आणि ह्वे तुला हवंच होतं ना? घे. कायमचं घे.

त्या वेळीही त्याने माझ्या अंगावरची शाल नीट केली.

१८ मार्च
तो गेला. माझं तिकीट, ओळखपत्र, फोन, सगळं घेऊन. स्टेशनकडे निघालो होतो. हाक आली — पाय टेकडीकडे वळले. राखणदाराने परत आणून सोडलं. म्हणाला, घाई नको मालक.

शेजाऱ्याच्या फोनवरून माझ्या मुलीला, सुओंगला, फोन केला. बाळ, मी बोलतोय, फक्त माझं नाव घे. ती म्हणाली, तोआनकाका, तुमचा आवाज किती खोल गेलाय! बाबा गाडीत आहेत, आत्ताच बोलले. तुमची फार काळजी करत होते.
मी ओरडलो. ती म्हणाली, पडून राहा काका.
माझी सुओंग —

१९ मार्च
आरशात धूसर. दिएपला म्हटलं, तू तरी म्हण. लाम. दोन अक्षरं.
तिने ओठ हलवले — माझ्या कपाळावर हात ठेवला —
म्हणाली, बाबा, झोपा आता.

२० मार्च
मी लाम. मी लाम. सा देक. कालव्याकाठची शाळा. खिडकीजवळचा बाक, त्यावर मी आणि —
ते नाव लिहायचं नाही.

पपनसाची फुलं गळताहेत. नदीकडून धुकं. बागेत पाइनची सळसळ — बागेत पाइन नाही —

पुकारतोय. हजेरी चालू आहे. एकेक नाव.
तोंडावर उशी दाबलीय. मी बोलणार नाही. मी ला —

त्याचं नाव आलं. सगळा वर्ग गप्प. बाक रिकामा. तो कालव्यावर गेलाय, मासे धरायला, त्याला मार बसेल — कुणीतरी म्हणायला हवं — मीच —

ह