वेल्डन गाडीतून उरलेली कडी

मी, मुरिएल एव्हिस ट्रॅन्टर, वय ८५, अविवाहित, धंदा घरकाम (नवऱ्याचे नव्हे, वडिलांचे आणि भावाचे), राहणार अर्ल्सडन, कॉव्हेंट्री, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. उजव्या पायात जोर नाही, पण तो नवव्या वर्षापासूनच नाही आणि सही करायला पाय लागत नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. या घरात माझ्याकडून काही हवे असेल तर लोक हाक मारतात, दबाव आणावा लागत नाही. याआधी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या वकील कुमारी ग्वेंडा पार्जिटर यांनी करावी. माझी चित्रकामाची पेटी, शाईच्या टाकांसह, त्यांना द्यावी. नकाशा गिरवायला घेऊन जिने कधी बोटाला डाग लागू दिला नाही अशी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती मीच होते. ग्वेंडा निदान टाक धुऊन ठेवतील.

२. माझा पुतण्या एड्रियन याला बैठकीतले घड्याळ द्यावे. ते मागे पडते. तो नाताळला येतो आणि आल्याबरोबर निघायची वेळ बघतो, त्याला तेवढाच वेळ जास्त मिळेल.

३. गाडीबद्दल. १९३१ सालची वेल्डन ही गाडी माझा थोरला भाऊ डेस्मंड याची आहे. वडिलांनी ती त्याला दिली आणि घर मला दिले. देताना म्हणाले होते, "हिला कोण करून घेणार? डोक्यावर छप्पर तरी असू दे." गाडी माझी नाही, म्हणून ती मी कोणाला देत नाही. मात्र त्या गाडीवर स्टेपनी धरून ठेवणारी जी पोलादी कडी आहे ती माझी आहे. ती कशी माझी, हे सांगितल्याशिवाय पुढचे कलम कोणाला कळणार नाही, म्हणून सांगते.

मला लहानपणी पोलिओ झाला. पायाला कॅलिपर आला. दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, चामड्याचे बंद, आणि गुडघ्यापाशी एक कडी. उभे राहून कडी खाली सरकवली की गुडघा ताठ राहतो, बसताना ती वर ओढायची. कडी नसेल तर पाय घडी घालून खाली जातो आणि माणूस त्याच्याबरोबर.

सतराव्या वर्षी मला एका मोठ्या कारखान्याच्या नकाशा विभागात गिरवणारी म्हणून जागा मिळाली. इंजिनिअर लोक यंत्रांचे नकाशे पेन्सिलीने काढायचे, आम्ही मुली ते शाईने गिरवायचो. सोमवारपासून जायचे होते. दर शनिवारी वडील कॅलिपरच्या चामड्याला तेल लावून तो मोरीजवळ टांगून ठेवत. त्या शनिवारी डेस्मंडला दुसऱ्या दिवशी शीलाला, म्हणजे पुढे जी माझी वहिनी झाली तिला, स्ट्रॅटफर्डला फिरवून आणायचे होते आणि गाडीची स्टेपनी धरणारा खिळा तुटला होता. भंगारवाला बंद. मोरीत चांगले पोलाद लटकत होते. त्याने माझी कडी काढली, गाडीच्या मागच्या पत्र्याला दोन भोके पाडली आणि ती तिथे बसवली.

रविवारी खिडकीतून मी गाडी जाताना पाहिली. स्टेपनीवर माझी कडी होती. मी वडिलांना सांगितले. डेस्मंड परत आल्यावर म्हणाला, ही कडी भंगारातून आणली, मुरीने स्वतःची कुठेतरी पाडली असेल. वडील माझ्याकडे वळून म्हणाले, "स्वतःची वस्तू सांभाळता येत नाही, आणि भावाला चोर ठरवतेस?" विषय संपला. इस्पितळातून नवी कडी यायला सगळा हिवाळा गेला. माझ्या जागी दुसरी मुलगी बसली. मी स्वयंपाकघरात बसले ती अजून उठलेली नाही.

डेस्मंडला लष्करात बोलावणे आले तेव्हा त्याने जाण्यापूर्वी गाडी सुटी केली. कोणता भाग कुठला ते न लिहिता सगळे बिस्किटांच्या डब्यांत भरले. ते डबे त्याच्या निवृत्तीपर्यंत गॅरेजमध्ये पडून होते. शीला गेल्यावर तो इथे राहायला आला आणि त्याने गाडी जुळवायला घेतली. जुळली, पण थोडे भाग उरले. जुन्या गाड्यांत ते उरतातच. वेल्डन मोटारधारक मंडळाची बैठक आमच्याच बैठकीत भरायची. उरलेले भाग टेबलावर मांडायचे, सगळ्यांनी चष्मे बदलून बघायचे, आणि मी चहा आणायचा. एकेक भाग ओळखला गेला. शेवटी कडी राहिली.

कोणी म्हणाले दाराची खिटी, कोणी म्हणाले टपाची कळ. डेस्मंड मला म्हणाला, मुरी, तुझा हात चांगला आहे, हिचे चित्र काढ, मंडळाच्या अंकात देऊ. मी काढले. तिन्ही बाजूंनी, मापासकट, शाईने. खाली छापले: हे काय आहे? मला वाटले होते, चित्र बघून तरी त्याला आठवेल. त्याने चित्राकडे पाहिले आणि म्हणाला, झकास.

मग एक दिवस त्याला मागच्या पत्र्यावरची भोके दिसली. कडी लावून पाहिली तर तंतोतंत बसली. मंडळात त्या दिवशी शेरीची बाटली उघडली. अध्यक्ष लायनेल स्टब्ज यांनी भाषण केले की वेल्डनची मूळ कडी सापडली, बाकीच्या मालकांच्या गाड्यांवरून ती काळाच्या ओघात पडली असावी. मग नमुना घेऊन नवीन कड्या ओतून घेतल्या. आज हॉलंडपर्यंतच्या वेल्डन गाड्या माझ्या गुडघ्याची कडी मिरवत फिरतात, आणि जिच्यावर ती नसेल तिचे स्पर्धेत गुण कापतात.

मी गप्प का राहिले, असे ग्वेंडांनी विचारले. मी म्हटले, मला चित्र काढ म्हणाले, ओळख असे कोणी म्हणाले नाही. हे उत्तर अर्धेच होते. मला ते त्याच्या तोंडून ऐकायचे होते. त्याला सगळे ठाऊक आहे आणि तो लपवतो आहे, असे मी धरून चालले होते. लपवणाऱ्या माणसाचा राग करता येतो.

४. घराबद्दल. मसुद्यात मी असे घातले होते की, डेस्मंडने कडी ओळखली तर घर त्याचे. ग्वेंडा म्हणाल्या, मेल्यावर परीक्षा कसली घेता, जिवंतपणी विचारा. मला ते पटले.

गेल्या रविवारी जेवण झाल्यावर तो स्पर्धेसाठी कडी काढून पुसत बसला होता. मी समोरच्या खुर्चीत बसले, पाय स्टुलावर ठेवला आणि कॅलिपर दिसेल इतका झगा वर घेतला. त्याच्या हातातली कडी आणि माझ्या गुडघ्यावरची, दोन्हींत एक वीत अंतर होते.

"हे काय आहे, डेस्मंड?" मी त्याच्या हाताकडे बोट केले.

"स्टेपनीची कडी."

"आणि हे?"

त्याने पाहिले. नीट, चष्मा सावरून पाहिले.

"तो तुझा पाय, मुरी. आज काय झालंय तुला? चहा टाकतेस ना?"

तो खोटे बोलत नव्हता. त्याचे खोटे बोलणे मला ठाऊक आहे. त्याने माझे आयुष्य लपवून ठेवले नव्हते, त्याच्या ते लक्षातच नव्हते. मला याचा जो संताप आला तो इथे मांडायला या वयात शब्द शोधत बसणार नाही. मी चहा टाकला.

सबब, घर विकून येणारी सर्व रक्कम सेंट ऑस्वाल्ड धर्मादाय कार्यशाळेस द्यावी, जिथे मुलांसाठी कॅलिपर बनतात. डेस्मंडने एड्रियनकडे राहायला जावे. तिथे चहा त्याचा त्याने करायचा आहे.

५. कडीबद्दल. माझ्या मृत्यूनंतर कुमारी पार्जिटर यांनी मंडळाच्या सभासदांसमोर ती गाडीवरून काढून घ्यावी आणि तिसरे कलम त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. डेस्मंडला पहिल्या रांगेत बसवावे, त्याला कमी ऐकू येते.

६. माझे अंत्यसंस्कार साधे व्हावेत. फुले नकोत. मला पुरताना उजव्या पायाला कॅलिपर असू द्यावा. त्याच्यावरची आत्ताची कडी काढून माझी जुनी बसवावी. पाय सरळ करावा, कडी खाली सरकवावी. खट् असा आवाज येतो. तो येईपर्यंत पेटीचे झाकण लावू नये.

हे मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. साक्षीदारांना मी काहीही ठेवलेले नाही, हे त्यांना आधीच सांगितले आहे, तरी ते आले.

सही: मुरिएल एव्हिस ट्रॅन्टर

साक्षीदार:
१. डोरीन मॅपलबेक, शेजारीण
२. इव्हान प्रॉसर, कोपऱ्यावरचे बेकरीवाले

ठिकाण: कॉव्हेंट्री
दिनांक: ११ मार्च २०२४