दर वीस मिनिटांनी खिडकी

४ मे

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं बरं-बरं म्हणून ठेवून देता, म्हणून हे पत्र. भिंगरीला सुट्टीभर तुमच्याकडे पाठवलंय त्याला कारण आहे. नऊ वर्षांची पोर, पण मोबाइल हातातून सुटत नाही. पूर्वी दिवसभर टकळी चालायची. आता चार हाका मारल्या की एक हुंकार मिळतो. मोबाइल काढून घेतला, तर घर डोक्यावर घेते.

बाबा, माझी बडबडी पोर मला परत हवी आहे. गावभरच्या डोळ्यांना चष्मे लावता, आता नातीकडेही बघा. रोज संध्याकाळी मी तिला व्हिडिओ कॉल करीनच.

तुमचा लोभ या महिन्यात तिच्याकडे वळवा, माझं भागेल.

तुमची धाकटी

१५ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मोबाइल मी काढून घेतला नाही. गिऱ्हाइकांना सांगतो तोच नियम तिला लावला. वीस मिनिटं जवळ बघितलं, की दुकानाच्या खिडकीतून लांबचं बघायचं आणि काय दिसलं ते मला सांगायचं.

पहिले दोन दिवस झाड आणि खांब, संपलं. तिसऱ्या दिवशी खणखणीत आवाजात म्हणाली, की समोरचा बेकरीवाला कालचे पाव पुढे मांडतोय. त्याची दोन गिऱ्हाइकं तेव्हा माझ्यापुढेच बसलेली! मग कळलं, की शिंपी लोकांचे कोट घालून फिरायला जातो. न्हावी म्हणे टकल्यांचे केस पाच मिनिटांत आटपतो आणि उरलेला वेळ नुसती कात्री वाजवतो.

काल तिघंही शिष्टमंडळ घेऊन आले. पोरीला मोबाइल द्या हो, चार्जर आम्ही आणतो म्हणाले. चहा पाजून वाटेला लावलं. मोबाइल तिच्याकडेच आहे, पण चार्जिंग संपून तीन दिवस झाले, बंद पडलाय.

एकच कोडं आहे. माझ्या फोनवर तुझा कॉल आला, की पोर पुन्हा मुकी होते. विचारलं तर म्हणाली, आईलाच लिहीन. सोबत तिचं पत्र आहे. मी वाचलेलं नाही.

जिवाला जप, आमच्यावर माया असू दे.

बाबा

१५ मे

ती. आईस,
साष्टांग नमस्कार (आजोबांनी घालायला लावला).

आजोबा म्हणतात, माणूस काय बघतोय ते त्याच्या चष्म्याच्या काचेत दिसतं. मी कॉलवर तुझ्या काचेत बघते. मी कोपऱ्यात एवढीशी असते आणि मोठ्या चौकोनात तुझं ऑफिसचं काम असतं.

काल मी मुद्दाम एकावर एक तीन चष्मे घालून बसले. तू छान-छान म्हणालीस आणि जेवलीस का विचारलंस.

घरीपण असंच होतं, म्हणून मी बोलायचं सोडलं. मोबाइलला हात लावला की तो लगेच माझ्याकडे बघतो. रागावू नकोस. आता मी पत्रच लिहिणार. पत्र वाचताना तुला दुसरं काही करता येणार नाही.

पापी घे.

तुझी भिंगरी

१९ मे

चि. भिंगरीस,
खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र मीटिंगमध्येच उघडलं. साहेबांनी मला दोनदा हाक मारली म्हणे. मला ऐकूच आलं नाही.

तीन चष्मे, भिंगरे! आणि मला एकही दिसला नाही. हसले, मग रडले. चुकलं माझं, बाळा.

शनिवारी येतेय. चार दिवस मी सापडणार नाही, असं ऑफिसला सांगून टाकलंय. आजोबांना म्हणावं, दारातच प्रवास कसा झाला वगैरे विचारत बसू नका. आधी तू बोलणार आहेस.

लोभ ठेव गं, मला हवा आहे.

तुझी आई